विजेवरचा तवा आणि ज्वारीची भाकरी

विजेवरचा खोलगट तवा म्हणजे जाड बुडाचे, साधारण 30 सेंटिमीटर व्यासाचे आणि पाच-सात सेंटिमीटर खोलीचे भांडे. त्याच्या बुडात तापणारी नळी बसवलेली असते, बाजूला उष्णता कमी-जास्त करण्याची फिरकी असते आणि वर घट्ट बसणारे झाकण असते. बाजारात त्याला इलेक्ट्रिक पॅन, इलेक्ट्रिक कढई किंवा मल्टी-कुकर म्हणतात. त्याला वेगळी शेगडी लागत नाही, सिलिंडर लागत नाही. योग्य क्षमतेचा एक प्लग असला की पुरे. बीड जिल्ह्यातल्या पाच माणसांच्या घराचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर भागेल का, याचे उत्तर मात्र उपकरणासोबतच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ते ज्वारीच्या पिठात, गावातल्या विजेच्या दाबात, बिलाच्या टप्प्यांत आणि ऊसतोडीच्या कोपीत शोधावे लागते.

विजेने अन्न शिजवण्यातली पहिली अडचण तारेची होती. लाल होईपर्यंत तापूनही न जळणारी तार मिळत नव्हती. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट 1906 मध्ये मिळवले आणि ही अडचण सुटली. आजच्या तव्याच्या बुडातही बहुधा हीच नायक्रोमची तार असते. ती मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून धातूच्या नळीत बंद केलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. दुसरी अडचण ताबा ठेवण्याची होती. सनबीम कंपनीने 1953 मध्ये दांड्यातच तापमानाची फिरकी असलेला तवा आणला. फिरकीच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकते आणि प्रवाह तोडते, निवली की सरळ होऊन प्रवाह जोडते. पुढे 1956 च्या सुमारास फिरकीचा भाग सुटा काढता येऊ लागला आणि तवा पाण्यात बुडवून घासणे शक्य झाले. अमेरिकेतल्या मराठी घरांत पुरणपोळ्यांचा मोठा घाणा काढायचा असला की विजेचा सपाट तवा बाहेर निघतो, तो याच घराण्यातला.

इंडक्शन शेगडीचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. तिच्यातली तार स्वतः तापत नाही. वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात प्रवाह निर्माण करते आणि बूडच तापते. म्हणून तिला लोखंडी किंवा लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचे भांडे लागते. गावाकडची जर्मलची पातेली आणि पितळी भांडी तिच्यावर तापत नाहीत, मातीची खापरीही नाही. म्हणजे इंडक्शन घेणाऱ्या घराला भांडीही नवी घ्यावी लागतात. विजेवरच्या तव्याला हा खर्च नाही, कारण तो स्वतःच भांडे आहे. उलट त्याची मर्यादा अशी की एका वेळी त्यात एकच पदार्थ होतो.

बीड जिल्हा विजेला अनोळखी नाही. परळी वैजनाथ येथे 30 मेगावॉटचे पहिले दोन संच 1970 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. त्यानंतर 1980 च्या दशकात 210 मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. पुढे 250 मेगावॉटचे तीन नवे संच आले. त्यांतला शेवटचा 2016 मध्ये सुरू झाला. जुने संच आता निवृत्त झाले असून केंद्राची क्षमता 750 मेगावॉट आहे. या केंद्राला पाण्याची टंचाई वारंवार भोवली. 2013 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले. वीज तयार करणारा हा जिल्हा स्वतः मात्र लाकूडफाट्यावर रांधत राहिला. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25,85,049 होती आणि पाचांपैकी चार माणसे खेड्यात राहत होती. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, बाभळीचा फाटा आणि गोवऱ्या हे इथले जळण. ते विकत घ्यावे लागत नाही, पण गोळा करावे लागते, वाळवावे लागते, पावसाळ्यासाठी साठवावे लागते. ही सगळी मेहनत बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येते आणि घरखर्चाच्या कुठल्याही हिशेबात ती धरली जात नाही.

चुलीतल्या जळणाच्या उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. बाकीची भिंतीत, हवेत आणि धुरात जाते. या धुराचे मोजमाप करणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक संशोधक कर्क स्मिथ यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत केला होता. 2017 मध्ये भारतात घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे 4.8 लाख मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी खेड्यात पोहोचवली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 79.7 टक्के घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन असल्याचे दिसले; देशाची सरासरी 58.6 होती. तरी गॅस आला म्हणून चूल विझली असे झाले नाही. चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी मराठवाड्यातल्या असंख्य घरांत रूढ आहे. विजेच्या उपकरणाला याच विभागणीत जागा शोधावी लागते. हिमाचल प्रदेशात ग्रामीण भागातल्या सुमारे 4,000 घरांना इंडक्शन शेगड्या दिल्या गेल्या होत्या. तिथे नव्या शेगडीने गॅसचे काम काही प्रमाणात घेतले, लाकडाचे फारसे घेतले नाही. बीडमध्ये वेगळे काही घडावे असे वाटत असेल, तर पहिली कसोटी भाकरीची आहे.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. ग्लुटेन नसल्याने पीठ ताणले जात नाही, तुटते. म्हणून पिठात आधणाचे पाणी घालतात. साधारण 70 अंशांच्या आसपास ज्वारीचा स्टार्च पाणी शोषून फुगतो, आणि थापताना भाकरीला धरून ठेवणारा चिकटपणा त्यातूनच येतो. रब्बीच्या मालदांडीचे पीठ त्यासाठी नावाजलेले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या 'परभणी मोती'सारख्या वाणांनाही भाकरीच्या प्रतीची कसोटी लावली जाते. काठवटीत मळून थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकतात आणि वरून पाण्याचा हात फिरवतात. पाणी सुकू लागले की उलटतात. दुसरी बाजू भाजली की भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करतात. तोवर दोन्ही पृष्ठभाग घट्ट झालेले असतात. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

या क्रियेला उष्णता किती लागते, याचा हिशेब करता येतो. सुमारे 110 ग्रॅम पिठाच्या आणि तेवढ्याच पाण्याच्या भाकरीतून भाजताना अंदाजे 40 ग्रॅम पाणी उडून जाते. ते उडवायला आणि बाकीचा गोळा तापवायला मिळून साधारण 135 किलोज्यूल उष्णता लागते. 1,500 वॉटच्या तव्याची 80 टक्के उष्णता भाकरीत उतरते असे धरले, तर एका भाकरीला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. पंधरा भाकऱ्यांना अर्धा तास. हे वाईट नाही. पण चुलीपाशी बसलेली बाई एकाच वेळी तीन भाकऱ्या चालवते: एक काठवटीत, एक तव्यावर, एक निखाऱ्यासमोर. विजेवरच्या तव्याला निखारा नाही. शेवटचा टप्पाही त्याच तव्यावर उरकावा लागतो आणि रांग अडते.

दुसरी अडचण तापमानाची. चुलीवरचा लोखंडी तवा सहज 250 अंशांच्या वर जातो. विजेवरच्या तव्याची फिरकी साधारणपणे 200 ते 230 अंशांपाशी थांबते आणि ते योग्यच आहे, कारण बहुतेक तव्यांवर नॉन-स्टिकचा थर असतो. हा थर 260 अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो. त्यामुळे अशा तव्यावर केलेली भाकरी शिजते, पण पांढुरकी राहते, पापुद्रा नीट सुटत नाही आणि निवल्यावर वातड होते. ज्या घराला भाकरी विजेवरच करायची आहे, त्याने इंडक्शन शेगडी आणि पूर्ण सपाट बुडाचा लोखंडी तवा घ्यावा. बूड खोलगट असेल तर मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. दुसऱ्या बाजूने भाजताना कडेने फडक्याने हलके दाबत गेले की भाकरी त्या तव्यावरही फुगते. पुरवठा चांगला असलेल्या घरांसाठी ही पद्धत भरवशाची आहे.

भाकरी बाजूला ठेवली, तर मराठवाड्याचा उरलेला स्वयंपाक विजेवरच्या तव्याला आश्चर्य वाटावे इतका मानवतो. उकडशेंगोळ्यांचे उदाहरण घ्यावे. लसूण-जिऱ्याची फोडणी, तिखट पाण्याला आधण, त्यात सोडलेली पिठाची कडी आणि मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांचा निवांत उकळा. चुलीवर याच वेळी जाळ मोठा होतो आणि शेंगोळे तळाला लागतात किंवा फुटतात. फिरकीचा तवा मंद आच इमानाने सांभाळतो. वरणफळांचेही तसेच. येसराची आमटी दाट होताना सारखी ढवळावी लागते. आच स्थिर असली की गुठळी धरत नाही. पिठल्याला झाकण ठेवून वाफ काढायची असते आणि खोलगट तव्याचे घट्ट झाकण नेमके तेच करते. धपाट्यांना मध्यम आच, तेलाचा हात आणि रुंद सपाट बूड लागते. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोके पाडून तव्यावर सोडलेला धपाटा 180 अंशांच्या आसपास दोन्ही बाजूंनी खरपूस होतो. नॉन-स्टिक बुडावर त्याला तेलही कमी पुरते. सकाळी घाईच्या वेळी केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला तर पाच-सात मिनिटांचे काम आहे. मटणासारख्या शिजायला वेळ घेणाऱ्या पदार्थाला मात्र प्रेशर कुकरच बरा; तव्याच्या झाकणाखाली दाब तयार होत नाही.

एकच भांडे असल्याने क्रमाला महत्त्व येते. आधी शेंगदाणे आणि खोबरे कोरडे भाजून घ्यावे, मग धपाटे काढावेत आणि शेवटी त्याच तापलेल्या तव्यात रश्शाची फोडणी द्यावी, म्हणजे तवा मध्ये घासावा लागत नाही आणि साठलेली उष्णताही वाया जात नाही. तापलेल्या नॉन-स्टिक तव्यात थंड पाणी ओतू नये, धातूचे उलथणे वापरू नये आणि फिरकीचा भाग सुटा नसेल तर तवा पाण्यात बुडवू नये.

आता विजेच्या दाबाकडे वळावे लागते. तापणाऱ्या तारेची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टला 1,500 वॉट देणारा तवा 180 व्होल्टला जेमतेम 920 वॉट देतो. दाब पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त घसरला, पण उष्णता दोन पंचमांशाने कमी झाली. दोन मिनिटांची भाकरी तीन मिनिटांवर जाते, अर्ध्या तासाचे काम पाऊण तासावर. संध्याकाळी सगळे गाव एकाच रोहित्रावर दिवे, पंखे आणि टीव्ही लावते, तेव्हा वाहिनीच्या टोकाच्या घरांत हेच होते. इंडक्शन शेगडी तर दाब फार खाली गेला की बंदच पडते. महाराष्ट्रात गावठाणाची वाहिनी शेतीपंपांच्या वाहिनीपासून वेगळी करण्याचे काम झाल्यानंतर खेड्यांतला घरगुती पुरवठा पुष्कळ सुधारला. स्वयंपाक विजेवर आणायचा असेल तर रोहित्रांची क्षमता वाढवणे ही पुढची पायरी आहे.

घरातली वायरिंगही तपासावी लागते. 1,500 वॉटचा तवा साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतो. पंखा-दिव्याच्या बोर्डावरचा लहान प्लग 6 अँपिअरचा असतो; तो तापतो, वितळतो, प्रसंगी पेट घेतो. तव्याला 16 अँपिअरचा मोठा प्लग, जाड तांब्याची तार आणि खरे अर्थिंग हवे. अर्थिंगची तार नुसती बोर्डातून बाहेर काढून भिंतीला लावलेली असणे पुरेसे नाही. ती जमिनीतल्या ओलसर ठेवलेल्या खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे. ओल्या हाताने पीठ थापणाऱ्या बाईच्या जिवाचा हा प्रश्न आहे. तवा घेण्याआधी वायरमनला बोलवावे.

बिलाचा हिशेब अनेकांना वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. घरच्या शेगडीवर तिच्यापैकी साठेक टक्के भांड्यात उतरते, म्हणजे 108 युनिट. तेवढीच उष्णता विजेच्या तव्यातून मिळवायला सुमारे 130 युनिट लागतात. महावितरणच्या 2024-25 च्या दरात घरगुती ग्राहकाच्या पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये आणि 101 ते 300 युनिटांना 10.29 रुपये वीज आकार होता, दोन्हींवर 1.17 रुपये वहन आकार. महिन्याला दिव्या-पंख्यांना 70 युनिट आणि स्वयंपाकाला एक सिलिंडर वापरणाऱ्या घराने सगळा स्वयंपाक विजेवर नेला, तर 30 युनिट पहिल्या टप्प्यात आणि 100 युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात. त्यांची बेरीज 1,320 रुपयांच्या वर होते. स्थिर आकार आणि वीज शुल्क वेगळे. त्या काळात अनुदानाशिवाय सिलिंडर मुंबईत 802.50 रुपयांना होता. म्हणजे सगळा स्वयंपाक विजेवर आणणे त्या घराला परवडत नाही. पण त्याच घराने रोज एका युनिटाचाच स्वयंपाक तव्यावर केला, म्हणजे सकाळचा सुशीला आणि संध्याकाळचे पिठले, तर महिन्याला 30 युनिटांचे सुमारे 176 रुपये होतात आणि जवळपास 185 रुपयांचा गॅस वाचतो. खर्च बरोबरीत सुटतो आणि सिलिंडर आठवडाभर जास्त पुरतो. 100 युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला विजेवरचा तवा परवडतो. तो टप्पा ओलांडला की परवडत नाही.

हे चित्र छतावरच्या सौर पॅनेलने बदलते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एक किलोवॉटला 30,000 रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचे पॅनेल महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला 120 युनिट देते. एका कुटुंबाच्या सगळ्या स्वयंपाकाला जवळजवळ तेवढीच वीज लागते. बीड हा अवर्षणाचा, वर्षातले बहुतेक महिने निरभ्र आकाशाचा जिल्हा आहे. जे ऊन शेतीला जाळते, ते इथे उपयोगी पडू शकते. धोरणाची साथ मिळाली तर काय होते, हे इक्वाडोरने दाखवले. त्या देशाने 2014 मध्ये इंडक्शन शेगड्यांची मोहीम काढली तेव्हा शेगडी घेणाऱ्या घराला स्वयंपाकासाठी महिन्याला 80 युनिटांपर्यंत वीज मोफत दिली. भारतात 'ऊर्जा, पर्यावरण आणि जल परिषद' या संस्थेच्या 2020 च्या सर्वेक्षणात विजेवर काही ना काही शिजवणारी घरे केवळ पाच टक्के आढळली. खेड्यांत तीन टक्क्यांहूनही कमी. स्वयंपाकाच्या विजेला वेगळा, स्वस्त टप्पा दिल्याशिवाय हा आकडा फार वाढणार नाही.

धुराविषयीही खरे बोलले पाहिजे. विजेवरच्या तव्यातून धूर येत नाही, तरी कोळशाची वीज धुराविना होत नाही. एका युनिटाला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो. महिन्याच्या 130 युनिटांमागे 85 ते 90 किलो कोळसा कुठल्यातरी केंद्रात जळतो आणि त्याची राख परळीसारख्या गावांच्या वाट्याला येते. स्वयंपाकघरातल्या बाईच्या छातीतला धूर टळतो, हा लाभ मोठा आहे. त्याची किंमत परळीकरांनी मोजावी, हे मात्र न्याय्य नाही.

विजेच्या स्वयंपाकाची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, त्यांच्याकडे भिंतीत प्लग नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात: नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडे बेळगावपर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांचे पाच-सहा महिन्यांचे घर म्हणजे कोपी. बाई पहाटे तीन-चार वाजता उठते, कोपीच्या तोंडाशी तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकऱ्या थापते आणि उजाडायच्या आत फडात जाते. जळण म्हणजे पाचट आणि फडाच्या बांधावरचा काडीकचरा. पाचट भसकन पेटते आणि लगेच विझते. त्याला सारखे सारत राहावे लागते. बाजूची कोपीही अशाच पेटणाऱ्या सामानाची असते. अवकाळी पाऊस आला की ना जळण पेटते ना भाकरी होते. गॅसची जोडणी गावातल्या घरी राहिलेली असते.

याच कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर अनेक कारखान्यांत वीज तयार होत असते. उसाच्या वजनाचा 28 ते 30 टक्के भाग चिपाड म्हणून उरतो. ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज ग्रिडला विकतो. अशा सहवीजनिर्मिती प्रकल्पांची क्षमता दहा, वीस, तीस मेगावॉट अशी असते. कारखान्याच्या तळावरच्या 500 कोप्यांनी एकाच वेळी 1,500 वॉटचा तवा लावला, तरी मागणी 750 किलोवॉट होते. एका मेगावॉटहूनही कमी. शिवाय ती मागणी पहाटे तीन-चारला येते, जेव्हा राज्याची विजेची मागणी उतरलेली असते. पाचटाच्या झोपडीत उघड्या तारा नेणे धोक्याचे आहे, म्हणून प्रत्येक कोपीत प्लग देणे हा उपाय नव्हे. कारखान्याच्या तळावर पत्र्याची पक्की सामायिक रांधणशेड, तीत 16 अँपिअरचे प्लग, नीट अर्थिंग, गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच आणि लोखंडी तव्यासह इंडक्शन शेगड्या, एवढे काम एका हंगामाच्या तयारीत होऊ शकते. बैलगाडी आणि टायरगाडीच्या टोळ्या हंगामभर कारखान्याजवळच राहतात. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव हलतात. त्यांच्यासाठी गॅसचा पाच किलोचा लहान सिलिंडर हाच तूर्त व्यवहार्य मार्ग आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे आणि कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळही आहे. टनामागे कारखान्यांकडून घेतला जाणारा निधी या महामंडळासाठी असतो. त्या निधीतून पुढच्या गळीत हंगामाआधी निवडक कारखान्यांच्या तळांवर अशा रांधणशेड उभ्या कराव्यात आणि त्यांची वीज कारखान्यांनी आपल्या सहवीजनिर्मितीतून विनाशुल्क द्यावी.